नौकेवरची सुट्टी : बेट शांत हवे, पण जवळचे

परदेशी स्थायिक झालेली मुलगी किंवा मुलगा एखाद्या रविवारी फोनवर सांगतो, "आई-बाबा, या वर्षी आपण सगळ्यांनी मिळून ग्रीसमध्ये यॉट घ्यायची. आठवडाभर समुद्रावर राहायचे. तुम्ही फक्त बसून राहायचे, बाकी सगळे आम्ही बघतो." पडद्यावर निळ्या घुमटांची आणि पांढऱ्या भिंतींची छायाचित्रे सरकू लागतात. आपण "बघू या" म्हणतो. मनात मात्र गुडघे, रात्री दोनदा उठावे लागणे, रक्तदाबाची गोळी आणि गेटवेच्या ओल्या पायऱ्यांवरून मांडव्याच्या लाँचमध्ये चढताना खलाशाने खेचून घेतलेला आपला हात, हे सारे एकाच वेळी उभे राहते.

जावे की न जावे, हे आपले डॉक्टर आणि आपण मिळून ठरवाल. जायचे ठरलेच, तर कोणती बेटे निवडावीत, हा प्रश्न मात्र घरातील तरुण मंडळी बहुधा छायाचित्रे पाहून सोडवतात, आणि तिथेच घोळ होतो. साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाचे नौकेवरचे सुख ज्या गोष्टींवर ठरते, त्या छायाचित्रांत उमटत नाहीत. वारा कुठून येतो, धक्क्यावर जागा मिळते का, नौकेवरून उतरण्याची फळी किती रुंद आहे, आणि सर्वांत जवळचा डॉक्टर किती तासांवर आहे, हे कुणी विचारीत नाही. म्हणून ते आपणच विचारायला हवे.

हे शहाणपण मला आधी चुकीच्या अनुभवातून आले. माझे यजमान तेव्हा बाहत्तर वर्षांचे होते. दोन्ही कानांना श्रवणयंत्रे, अँजिओप्लास्टीला चार वर्षे झालेली, एरवी प्रकृती ठणठणीत. मुलीने आणि जावयांनी हौसेने ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सायक्लेड्स द्वीपसमूहात नौका ठरवली. तिसऱ्या दिवशी वारा सुटला आणि आम्ही एका गजबजलेल्या बंदरात तीन दिवस अडकून पडलो. शेजारच्या नौकांवर पहाटेपर्यंत संगीत चाले. रात्रीचे जेवण धक्क्यावरच्या खानावळीत, आठ जणांच्या टेबलाशी, आणि भोवती शेकडो माणसांचा कलकलाट. ज्यांच्या घरी श्रवणयंत्र आहे त्यांना हे ठाऊक असेल की, ते यंत्र जवळच्या माणसाचा आवाज वाढवते तसा मागच्या टेबलावरचा गोंगाटही वाढवते. यजमान हसून मान डोलावत बसत. नातवंडे दोन वाक्ये बोलत आणि उत्तर जुळले नाही की दुसरीकडे वळत. परतीच्या विमानात ते मला म्हणाले, "आठवडाभरात माझे कुणाशीच बोलणे झाले नाही."

एवढा खर्च करून, एवढा प्रवास करून हेच पदरी पडणार असेल, तर घरी बसलेले काय वाईट? दोन वर्षांनी मुलीने पुन्हा विचारले, तेव्हा बेटांची निवड आम्ही दोघांनी आमच्याकडे घेतली.

वाऱ्याचे गणित

आम्हांला अडकवणाऱ्या त्या वाऱ्याला तिकडे मेल्टेमी म्हणतात. उत्तरेकडून येणारा हा कोरडा वारा इजियन समुद्रावर उन्हाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, काही वेळा सलग कित्येक दिवस वाहतो. आपल्याकडे खवळलेला समुद्र म्हटले की काळे ढग आणि पाऊस डोळ्यांपुढे येतात. तिथे आकाश निरभ्र, ऊन लख्ख आणि समुद्र मात्र पांढरा फेसाळलेला. वाऱ्याच्या ब्यूफोर्ट मापनात मेल्टेमी ५ ते ७ अंशांपर्यंत सहज जातो. ६ अंश म्हणजे ताशी सुमारे ४० ते ५० किलोमीटर. तरुणांना यात मौज वाटते. ज्यांच्या मणक्यात झीज आहे, हाडे ठिसूळ झाली आहेत, किंवा ज्यांना रक्त पातळ करणारी औषधे चालू आहेत, त्यांना एका धक्क्याने लागलेला मार महागात पडू शकतो.

मिकोनोस, पारोस, नाक्सोस आणि सँटोरिनी ही नावाजलेली बेटे नेमकी याच वाऱ्याच्या वाटेवर आहेत. सँटोरिनीची तर आणखी एक गंमत आहे. ज्या ज्वालामुखीच्या विवरात नौका येतात, तिथे पाणी इतके खोल आहे की नांगर टाकायला तळ जवळपास मिळतच नाही, आणि गाव उभ्या कड्याच्या माथ्यावर. जुन्या बंदरातून वर जायला जवळजवळ सहाशे पायऱ्या, खेचरे किंवा केबल कार. त्यात गर्दी इतकी की २०२५च्या उन्हाळ्यापासून ग्रीक सरकारने क्रूझ जहाजांनी येणाऱ्या प्रवाशांवर शुल्क बसवले, तेव्हा भर मोसमातले सर्वांत जास्त, म्हणजे माणशी २० युरोंचे शुल्क सँटोरिनी आणि मिकोनोस या दोन बेटांनाच लावले गेले. ही बेटे सुंदर आहेत यात शंका नाही. पण ती पाहायची असतील तर मे महिन्यात, मोठ्या फेरी बोटीने, हॉटेलात राहून पाहावीत.

गर्दीला कंटाळलेली माणसे मग दुसऱ्या टोकाला जातात. "जिथे कुणीच जात नाही असे बेट शोधू" असे कुणीतरी म्हणते, आणि दोनुसा, अनाफी अशी नावे पुढे येतात. काही शे लोकवस्तीची ही बेटे खरोखर निवांत आहेत. पण तिथली वैद्यकीय सोय म्हणजे फार तर एखादा छोटा ग्रामीण दवाखाना. छातीत दुखू लागले, तर रुग्णाला मोठ्या बेटावर किंवा अथेन्सला हलवावे लागते, आणि वारा जोरात असला की बंदराचे अधिकारी फेरी बोटींना निघूच देत नाहीत. ज्या दिवशी गरज सर्वांत जास्त, त्याच दिवशी वाट बंद होण्याची शक्यता राहते. निरोगी तिशीच्या जोडप्याने हा धोका खुशाल पत्करावा. आपण शोधायची ती शांतता मोठ्या रुग्णालयापासून दोन-तीन तासांच्या आतली असावी. बेट निवडताना आम्ही हा एकच निकष पहिला धरला आणि बाकीचे त्याच्यामागे लावले.

सरोनिकचे आखात

अथेन्सच्या दारातच सरोनिकचे आखात आहे. एका बाजूला अथेन्सची मुख्यभूमी, दुसऱ्या बाजूला पेलोपोनीजचा डोंगराळ किनारा आणि मध्ये विखुरलेली बेटे, त्यामुळे मेल्टेमीचा जोर इथे पुष्कळ ओसरलेला असतो. एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जायला बहुधा दोन-तीन तास पुरतात. सकाळी न्याहारी करून निघावे आणि दुपारच्या जेवणाआधी नांगर टाकावा. प्रकृती बिघडलीच, तर बहुतेक बेटांवरून अथेन्सच्या पिरिअस बंदराकडे वेगवान प्रवासी बोटी दिवसातून अनेकदा सुटतात.

आपली नौका बहुधा अथेन्सच्या किनाऱ्यावरील आलिमोस इथल्या मोठ्या मरीनातून निघेल. तिथून एजिना बेट साधारण तीन तासांवर आहे. एजिनाचे मुख्य गाव फेरीच्या वर्दळीचे आहे, पण तिथे आरोग्य केंद्र आहे, औषधांची दुकाने आहेत आणि धक्क्यावरच पिस्त्यांच्या गाड्या उभ्या असतात. एजिनाचा पिस्ता ग्रीसमध्ये नाव घेऊन विकला जातो. मिठाचा रक्तदाबवाल्यांनी मोह टाळावा, बिनमिठाचाही मिळतो. गावात मुक्काम न करता बेटाच्या दक्षिणेला पेर्दिका या कोळ्यांच्या छोट्या बंदरात राहावे. समोरच मोनी नावाचे बेट आहे. तिथे मोर मोकळे हिंडतात. ग्रीसमधल्या खडकावर केकारव ऐकून आपल्याला घरचे कुणी भेटल्यासारखे वाटते. एजिनाच्या पलीकडे, तासाभराच्या आत, अँगिस्ट्री नावाचे पाइनच्या झाडांनी झाकलेले लहान बेट आहे. आठवड्याच्या मधल्या दिवशी तिथल्या सावलीत बसून राहणे, एवढाच कार्यक्रम पुरतो.

शनिवार-रविवार मात्र सावध. या आखाताचे सुख तेच त्याचे दुखणे आहे. अथेन्सकरांनाही ते जवळच आहे. म्हणून शनिवारी निघालेल्या नौकेने पहिले दोन दिवस पेलोपोनीजच्या किनाऱ्याकडे काढावेत आणि बेटांवर सोमवारनंतर यावे. आम्ही तसेच केले, आणि त्यामुळे मला सर्वांत आवडलेली जागा सुरुवातीलाच पदरात पडली.

ती जागा म्हणजे पालेआ एपिडाव्रोस, अर्थात जुने एपिडॉरस. संत्र्यांच्या बागांमध्ये वसलेले छोटे बंदर. तिथून टॅक्सीने अर्ध्या तासाच्या आत अस्क्लेपियसच्या प्राचीन आरोग्यस्थानाशी पोहोचता येते. आपल्याकडे जसे धन्वंतरी, तसे ग्रीकांचे अस्क्लेपियस. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी दूरदूरचे रुग्ण इथे येत, स्नान आणि पूजा करून 'आबातोन' नावाच्या दालनात रात्री झोपत, आणि देव स्वप्नात येऊन उपचार करतो किंवा सुचवतो अशी त्यांची श्रद्धा होती. बरे झालेल्यांच्या हकिगती शिळांवर कोरून ठेवलेल्या आहेत. आजाऱ्याला आधी गोंगाटापासून दूर नेऊन निवांत झोपू द्यावे, हे त्या लोकांना उमगले होते, याचे मला फार अप्रूप वाटले. शेजारीच इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातले, सुमारे बारा-चौदा हजार प्रेक्षक मावतील असे दगडी प्रेक्षागृह आहे. त्याच्या ध्वनिरचनेची ख्याती जगभर आहे. वरच्या ओळींपर्यंत चढण्याच्या फंदात पडू नये. पायऱ्या उंच आहेत आणि कठडे नाहीत. यजमान खालच्या ओळीत बसले. नात मध्यभागी जाऊन शाळेत पाठ केलेली मराठी कविता म्हणू लागली. ती दुसऱ्या कडव्यात अडखळली, तेव्हा खालच्या ओळीतून पुढचा शब्द आला.

तिथून थोड्या अंतरावर मेथाना आहे. मूळचा ज्वालामुखीचा हा द्वीपकल्प, त्यामुळे बंदरालगतच गंधकाचे कोमट पाण्याचे झरे आहेत. वज्रेश्वरी-गणेशपुरीची आठवण व्हावी असाच तो वास. वासामुळेच हौशी नौकावाले इथे फारसे थांबत नाहीत, आणि म्हणून जागा मिळते. गरम पाण्यात बसण्याची हौस मात्र हृदयविकाराच्या आणि कमी रक्तदाबाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. बाहेर येताना भोवळ येऊन पडण्याची भीती असते.

पोरोस हे आमचे मुख्य ठाणे होते. हे बेट मुख्यभूमीपासून अवघ्या काही शे मीटर रुंदीच्या सामुद्रधुनीने वेगळे झाले आहे. समोरच्या गालातास गावाला जायला लहान होड्यांची सतत ये-जा चालू असते, आणि तिथे आरोग्य केंद्र आहे. पोरोसचा धक्का लांबलचक आणि सपाट. नौकेवरून उतरले की समोरच बाक, औषधांचे दुकान आणि खानावळी. गावातला मुक्काम एखाद्या रात्रीचा करून पुढच्या दिवशी बेटाच्या पश्चिमेकडील रशियन खाडीत नांगर टाकावा. एके काळी रशियन आरमाराच्या कोठारासाठी बांधलेल्या इमारतीचे अवशेष किनाऱ्यावर उभे आहेत, बाकी झाडे आणि पाणी. तिथे रात्री आम्ही नौकेवरच जेवलो. खिचडी आणि ग्रीक दही. जेवणानंतर यजमान आणि नातू दोन तास बोलत होते. काय बोलत होते ते मी ऐकले नाही, मी झोपले होते.

आता हायड्राविषयी. 'मोटार नसलेले बेट' म्हणून आपल्याला ते कुणीतरी सुचवणारच. खरे आहे, तिथे खाजगी वाहने नाहीत, सामान खेचरांवरून जाते. पण शांतता फक्त वाहनांची. बंदर चिमुकले आणि नौका अनेक. मोसमात नौका दोन-तीन रांगांत एकमेकींना बांधून उभ्या राहतात. मागच्या रांगेतल्या माणसाला किनाऱ्यावर जायचे तर दुसऱ्यांच्या नौकांवरून, दोऱ्या आणि कठडे ओलांडत जावे लागते. सत्तरीच्या माणसासाठी ही कसरत नव्हे. हायड्रा अवश्य पाहावे, मात्र आपली नौका पोरोसला ठेवून सकाळच्या प्रवासी बोटीने जावे आणि दुपारी परत यावे.

फळी, पाणी आणि रात्र

ग्रीसमध्ये नौका धक्क्याला आडवी लावण्याची पद्धत कमी. पुढून नांगर टाकून पाठ धक्क्याकडे करतात, आणि नौका व धक्का यांच्यामध्ये एक अरुंद फळी टाकतात. दिवसातून चार-सहा वेळा तिच्यावरून जावे लागते. या एका फळीने अनेक ज्येष्ठांना आठवडाभर नौकेत बसवून ठेवले आहे. म्हणून नौका ठरवतानाच विचारावे की फळी किती रुंद आहे, तिला हाताशी धरायला दोरी किंवा दांडा आहे का, आणि जिथे जागा असेल तिथे नौका आडवी लावून मिळेल का. गर्दी नसलेल्या बंदराचा खरा फायदा इथे कळतो. जागा मोकळी असली की तांडेल नौका आडवी लावायला सहज तयार होतो. एक गोष्ट आपल्या बाजूने आहे. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटीचा फरक अगदी थोडा असतो. मुंबईत सकाळी गुडघ्याशी असलेला धक्का दुपारी डोक्यावर जातो, तसे तिथे होत नाही. सकाळी जमलेली पायरी संध्याकाळीही तशीच जमते.

तांडेलाविषयीही बोलायला हवे. कोकणात ज्याला आपण तांडेल म्हणतो, त्याला तिकडे स्किपर म्हणतात. जावयांकडे नौका चालवण्याचा परवाना असला, तरी घरात ज्येष्ठ असताना स्थानिक स्किपर घ्यावाच. वारा पाहून बेत बदलणारा अनुभवी माणूस हवा, आणि आजारपणाच्या क्षणी ग्रीक भाषेत बोलू शकणारा कुणीतरी हवा. त्याला स्वतंत्र खोली द्यावी लागते, हे नौकेचा आकार ठरवताना लक्षात ठेवावे. नाहीतर तो बिचारा मधल्या दालनात झोपतो आणि रात्री स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या आजीची पंचाईत होते.

नौका शक्यतो दोन तळांची, म्हणजे कॅटामरान घ्यावी. एका तळाची शिडाची नौका वाऱ्यात एका अंगावर कलते, कॅटामरान फारशी कलत नाही. तिचे भाडे जास्त असते, पण बसायची जागा आणि स्वयंपाकघर बहुधा एकाच पातळीवर असते. खोल्यांकडे उतरायला मात्र तिच्यातही चार-पाच उंच पायऱ्या असतात. स्वच्छतागृह म्हणजे कपाटाएवढी जागा, कुठे हाताने पंप मारावा लागतो, आणि कागद आत टाकायचा नसतो. याचा परिणाम मी अनेकींच्या बाबतीत पाहिला आहे. स्वच्छतागृहाची अडचण वाटते म्हणून बायका पाणीच पीत नाहीत. वयाबरोबर तहान कमी जाणवते, वर ऊन आणि वारा, त्यात लघवीचे प्रमाण वाढवणारी रक्तदाबाची गोळी. मग तिसऱ्या दिवशी लघवीची जळजळ सुरू होते, किंवा उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. लहान बंदरांत दर दोन-तीन तासांनी किनाऱ्यावर उतरता येते, खानावळीतले स्वच्छतागृह वापरता येते, आणि पाण्याचा पेला नि:संकोच पिता येतो. छोटे टप्पे निवडण्याचे हे कारण कुठल्याही माहितीपत्रकात छापलेले नसते.

रात्रीसाठी लहान विजेरी उशाशी असावी, आणि पायांत मऊ रबरी तळाचे, मागून बंद असे जोडे. सपाता नकोत. खोली स्वच्छतागृहाला लागून असलेली आपण मागून घ्यावी. ती सर्वांत सुंदर खोली नसेल, पण तीच आपली.

समुद्र लागण्याची भीती बहुतेकांना असते. वयाबरोबर हा त्रास लहान मुलांच्या मानाने कमी होतो, हा एक दिलासा. उघड्या डेकवर, मागच्या बाजूला बसून क्षितिजाकडे पाहत राहावे, खाली खोलीत जाऊ नये, आलेपाकाची वडी चघळावी. गोळ्यांच्या बाबतीत मात्र फार जपावे. प्रोमेथाझिन किंवा डायमेनहायड्रिनेटसारख्या गोळ्या आणि कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टी यांनी ज्येष्ठांना गुंगी येते, तोंड कोरडे पडते, काहींना गोंधळल्यासारखे होते. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अडू शकते, आणि काही प्रकारच्या काचबिंदूत डोळ्यांतला दाब वाढू शकतो. डॉक्टरांनी परवानगी दिली, तरी अशी गोळी निघण्यापूर्वी घरी एकदा घेऊन पाहावी. पहिला प्रयोग हलत्या नौकेवर नको.

औषधे दोन वेगळ्या पिशव्यांत, सोबत डॉक्टरांचे पत्र, त्यात औषधांची मूळ नावे. उन्हाळ्यात ग्रीसची वेळ आपल्या अडीच तास मागे असते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी वेळापत्रक आधीच आखून घ्यावे. शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच. पण आधीपासून असलेल्या आजारांना तो कितपत लागू आहे, आणि नौकेवरून रुग्णालयात हलवण्याचा खर्च त्यात येतो का, हे बारीक अक्षरांतले वाचून घ्यावे. ग्रीसमध्ये आपत्कालीन क्रमांक ११२, रुग्णवाहिकेचा १६६ आणि तटरक्षक दलाचा १०८. आमच्या मुलीने ते एका कागदावर लिहून फ्रिजच्या दाराला चिकटवले होते.

केव्हा जावे, आणि कुणी जाऊ नये

१५ ऑगस्टला ग्रीसमध्ये मेरीमातेचा मोठा सण असतो आणि त्याच्या आगेमागे सारा देश बेटांवर लोटतो. तो पंधरवडा पूर्ण टाळावा. आमचे मत सप्टेंबरच्या मध्यानंतरचे. युरोपातल्या शाळा सुरू झालेल्या असतात, वारा नरमलेला असतो, नौकेचे भाडे उतरते, आणि उन्हाळाभर तापलेले पाणी अजून कोमट असते. मेअखेर आणि जूनचा पहिला आठवडाही चांगला. नातवंडांच्या सुट्टीशी तो जुळतो, मात्र पाणी तेव्हा थंड असते. हृदयविकार असलेल्यांनी त्यात एकदम उडी मारू नये, शिडीवरून हळूहळू उतरावे.

सरोनिकऐवजी दुसरा पर्याय म्हणाल, तर पश्चिमेकडचा आयोनियन समुद्र. लेफकादा बेट मुख्यभूमीला रस्त्याने जोडलेले आहे, आणि त्याच्या कुशीत मेगानिसी, कालामोस, कास्तोस ही छोटी बेटे. तिथला वारा बहुधा दुपारी उठतो आणि संध्याकाळी निजतो. अथेन्स मात्र लांब पडते.

काहींनी नौकेवर मुक्काम करूच नये, असे मला स्पष्ट सांगावेसे वाटते. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले, प्राणवायू लागणारे, आधाराशिवाय एकही पायरी न चढू शकणारे, आणि विस्मरणाच्या आजारामुळे रात्री उठून फिरणारे. रोज नवे बंदर, रोज नवा अंधार, हे अशा रुग्णाला भांबावून टाकते, आणि चारही बाजूंना पाणी आहे. त्यांच्यासाठी पोरोस किंवा एजिनाच्या गावात तळमजल्यावरचे घर आठवडाभर भाड्याने घ्यावे, आणि एखाद्या निवांत सकाळी चार तासांसाठी स्थानिक होडी ठरवावी. समुद्र तोच दिसतो, आणि रात्री ओळखीची खाट असते.

देखभाल करणाऱ्यांना एक विनंती. बहुधा ती सून किंवा मुलगी असते. सगळे पोहायला उतरले की आईजवळ कोण थांबणार, याची पाळी निघण्यापूर्वीच लावावी. पहिल्या सहलीत सातही दिवस मीच यजमानांजवळ थांबले होते, आणि कुणाच्या ते लक्षातही आले नव्हते. दुसऱ्या वेळी जावयांनी मंगळवार आणि गुरुवार मागून घेतले.

परतीचा बेत सैल ठेवावा. नौका शनिवारी सकाळी सोपवायची असते, म्हणून ती शुक्रवारी संध्याकाळीच मूळ मरीनात आणतात. त्याच शनिवारी विमान धरू नये. अथेन्समध्ये एक रात्र मुक्काम करावा. जमिनीवर उतरल्यावरही दिवसभर पायांखाली जमीन डुलल्यासारखी वाटते, आणि विमानतळाच्या सरकत्या जिन्यावर तसे वाटणे बरे नव्हे. आम्ही त्या दिवशी हॉटेलच्या गच्चीवर बसून राहिलो. दूरवर अ‍ॅक्रोपोलिस दिसत होते. यजमानांनी मुलीला विचारले, पुढच्या सप्टेंबरात पोरोसला तोच स्किपर मिळेल का.